काळ्या मातीतले पोहणारे

मृगाच्या पावसाने काळी जमीन भिजली आणि दोन-तीन दिवसांत वापसा आला, की जालना जिल्ह्यात पेरणीची एकच घाई उडते. भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत आणि बदनापूरपासून थेट गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीपर्यंत तिफणी आणि ट्रॅक्टर शिवारात उतरतात. कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी होते. बियाण्याच्या पिशव्या, डीएपीचे पोते, युरिया, एखादे बुरशीनाशक अशी खरेदी झाली, की शेवटी दुकानदार एक लहानसे पाकीट पुढे करतो. त्यावर ‘रायझोबियम जिवाणू संवर्धक’ असे छापलेले असते. आत काळपट भुकटी. बियाण्याच्या मानाने किंमत अगदी किरकोळ. शेतकरी ते पाकीट घेतो आणि युरियाच्या पोत्यावर ठेवून देतो. दुपारच्या उन्हात पोते तापते, त्याबरोबर पाकीटही तापते.

त्या पाकिटात खत नाही, जीव आहेत. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात साडेबाराशे कोटी! भारताच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट जीव त्या पोत्यावर ऊन खात पडलेले असतात. त्यांच्याकडून शेतकऱ्याची अपेक्षा मोठी असते. त्यांनी मातीत उतरावे, कोवळे मूळ शोधावे, त्यात शिरावे आणि हवेतला नत्र पकडून पिकाला द्यावा. पण मूळ शोधायचे कसे? या जिवाणूंना डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. संपूर्ण शरीर म्हणजे एकच पेशी, आणि तीही इतकी लहान, की सुमारे पाचशे जिवाणू एकामागे एक उभे केले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबीची रांग होईल. तरीही ते मुळापर्यंत पोहोचतात. कसे पोहोचतात याचे उत्तर शास्त्रज्ञांना गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हळूहळू सापडत गेले. ते मनोरंजक आहे आणि आपल्या शेतकऱ्याच्या कामाचेही आहे.

डाळींचा जिल्हा

‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण या शहराच्या व्यापारावरून पडली. पुढे शहराची ओळख बियाण्याशी जोडली गेली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शहरापासून जवळच बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने कडधान्यांवर वर्षानुवर्षे काम केले. तुरीचे बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६ हे वाण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नावानिशी ठाऊक आहेत. त्यांच्या नावातला ‘बी’ म्हणजे बदनापूरचाच.

तूर, हरभरा, मूग, उडीद आणि आता सर्वदूर पसरलेले सोयाबीन ही सगळी शेंगवर्गीय पिके. या कुळाचे वैशिष्ट्य आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी अनुभवाने ओळखले होते. हरभऱ्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते, तुरीने रान सुधारते, हे घरोघरी ऐकायला मिळायचे. कारण मात्र कळले १८८६ ते १८८८ या काळात. हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की शेंगवर्गीय झाडांना मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र वापरता येतो. १८८८ मध्येच बायरिंक या डच शास्त्रज्ञाने त्या गाठींतले जिवाणू वेगळे करून प्रयोगशाळेत वाढवले. भारतात या जिवाणूंचा पहिला अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. झाडे त्यात आकंठ बुडालेली असतात, पण त्यांना तो घेता येत नाही, कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. ती मिठी सोडवण्यासाठी खताच्या कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शे-दोनशे पट दाब लागतो. हेच काम गाठीतला जिवाणू शेतातल्या साध्या तापमानाला करतो. मोबदल्यात झाड त्याला साखर पुरवते. असा हा उभयपक्षी सौदा आहे. मात्र सौदा व्हायचा तर आधी भेट व्हायला हवी.

पाणी की काकवी?

डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी लिव्हेनहूक याने १६७६ मध्ये स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाण्याचा थेंब ठेवून पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून तो थक्क झाला. तेव्हापासून जिवाणू पोहतात हे माहीत होते. ते कसे पोहतात हे समजायला मात्र जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

जिवाणूच्या अंगावर शेपटासारखे लांब, नागमोडी धागे असतात. त्यांना कशाभिका म्हणतात. शाळेत आपण शिकलो ते एवढेच, आणि चित्र पाहून वाटायचे की मासा शेपटी हलवतो तसा जिवाणू हा धागा हलवत असेल. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की कशाभिका हलत नाही, ती फिरते! तिच्या बुडाशी खरीखुरी मोटर असते. तिला फिरणारा भाग आहे, स्थिर भाग आहे, दांडा आहे, आणि हायड्रोजनच्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहावर ती चालते. आपल्या बोअरवेलमधली पाणबुडी मोटर मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते. जिवाणूची मोटर सेकंदाला शंभराच्या वर, म्हणजे मिनिटाला सहा हजारांहून जास्त फेरे घेते. आकाराने ती माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक आहे.

या मोटरच्या जोरावर जिवाणू सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहा-बारा पट अंतर कापतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने त्याच प्रमाणात पळायचे ठरवले, तर त्याला ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेग गाठावा लागेल. आणि हे सारे पाण्यात! शिवाय एवढ्या लहान जीवाला पाणी आपल्यासारखे पातळ वाटत नाही. आपण काकवीच्या टाकीत पोहायला उतरलो तर जसे होईल, तसे त्याचे रोजचे जगणे असते. आपण पोहताना हात थांबवले तरी थोडे पुढे सरकतो. जिवाणूची मोटर थांबली, की तो एका अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थबकतो.

त्यात आणखी एक अडचण असते. पाण्याचे रेणू सतत धावत असतात आणि जिवाणूला चहूबाजूंनी धक्के देतात. सरळ जायचे म्हणून तो निघाला, तरी दहाएक सेकंदांत धक्के खाऊन त्याचे तोंड भलतीकडेच झालेले असते. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत सापडलेल्या माणसाची जी गत होते, तीच याची.

गर्दीत भजी शोधावीत तशी

त्याच गर्दीची कल्पना पुढे नेऊ. समजा, डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक माणूस त्या गर्दीत उभा आहे. कुठेतरी भजी तळली जात आहेत. वास येतो, पण कोणत्या दिशेने येतो ते कळत नाही. विचारायचे कोणाला? अशा वेळी तो एक युक्ती करील. कोणत्याही एका दिशेला चार पावले टाकील. वास वाढला, तर आणखी पुढे जाईल. वास कमी झाला, तर थांबून, गिरकी घेऊन दुसऱ्या कोणत्या तरी दिशेला चालू लागेल. गिरकीनंतरची दिशा बरोबर असेलच असे नाही. पण चांगल्या दिशेला जास्त चालायचे आणि वाईट दिशेला लवकर थांबायचे, एवढा एकच नियम पाळला, तरी तो शेवटी कढईपाशी पोहोचतो.

जिवाणू नेमके हेच करतात. १८८० च्या दशकात विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने केसासारख्या बारीक काचनळीत मांसाचा अर्क भरून ती जिवाणूंच्या पाण्यात ठेवली, तेव्हा थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी जिवाणूंची झुंबड उडाली. रसायनाच्या ओढीने होणाऱ्या या हालचालीला मराठीत रसायनानुचलन असा भारदस्त शब्द आहे. फेफरचा प्रयोग पुढे बरीच वर्षे मागे पडला. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्युलियस ॲडलर यांनी तो पुन्हा हाती घेतला, तो आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूवर.

ॲडलर यांच्यापुढे मुळाशी असलेला प्रश्न होता. जिवाणू साखरेकडे जातो तो साखर खाऊन अंगात बळ येते म्हणून, की त्याला साखर ‘कळते’ म्हणून? त्यांना काही जिवाणू असे सापडले, की ज्यांना एखादी साखर पचवता येत नव्हती, तरी ते तिच्याकडे धावत होते. उलट काही जिवाणू साखर मजेत खात होते, पण तिच्याकडे पोहत मात्र नव्हते. म्हणजे खाणे वेगळे आणि कळणे वेगळे. जिवाणूच्या अंगावर रसायन ओळखणारे खास रेणू आहेत, हे १९६९ मध्ये त्यांनी मांडले. जिभेवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, तशी ही एकाच पेशीची जीभ म्हणावी लागेल.

हॉवर्ड बर्ग यांनी त्यापुढची मजल मारली. पोहणारा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली क्षणात नजरेआड होतो. बर्ग यांनी असा सूक्ष्मदर्शक तयार केला, की जिवाणू हलला की त्याच्या पाठोपाठ थेंबच हलवला जाई आणि जिवाणू कायम नजरेच्या मध्यावर राही. १९७२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींतून जिवाणूची चाल स्पष्ट दिसली. सुमारे एक सेकंद सरळ धाव, मग सेकंदाचा दहावा भाग गिरकी, पुन्हा नवीन दिशेला धाव. सगळ्या कशाभिका एका दिशेने फिरल्या, की त्यांची जुडी बनते आणि जिवाणू सरळ धावतो. मोटर उलटी फिरली, की जुडी विस्कटते आणि जिवाणू गिरकी घेतो. साखर वाढत असेल, तर गिरक्या लांबणीवर पडतात. बस्स, एवढेच.

आत्ताचे आणि मघाचे

पण ‘वाढत आहे’ हे कळायला ‘मघाशी किती होते’ हे लक्षात ठेवावे लागते. मग या जिवाला आठवण आहे की काय? १९७२ मध्येच मॅकनॅब आणि कॉशलंड या दोघांनी एक सुरेख प्रयोग केला. त्यांनी पाण्यात पोहणाऱ्या जिवाणूंमध्ये त्यांना आवडणारे रसायन एका क्षणात मिसळले. आता सगळीकडे रसायन सारखेच होते, ना इकडे जास्त ना तिकडे. जिवाणू डोके आणि शेपूट यांच्याकडचे प्रमाण ताडून पाहत असते, तर त्यांच्या चालीत काहीच फरक पडायला नको होता. पण ते सगळे गिरक्या घ्यायचे विसरून सरळ धावत सुटले! उलट रसायन एकदम कमी केले, तेव्हा जागच्या जागी गिरक्या घेऊ लागले. थोडक्यात, जिवाणू ‘इथे’ आणि ‘तिथे’ यांची तुलना करीत नाही. तो ‘आत्ता’ आणि ‘मघाशी’ यांची तुलना करतो.

ही आठवण किती लांबची? गेल्या एका सेकंदातला अनुभव तो त्याआधीच्या तीनेक सेकंदांशी पडताळतो. याहून लांबची आठवण त्याच्या उपयोगाची नाही, कारण तेवढ्यात पाण्याच्या धक्क्यांनी त्याचे तोंड फिरलेले असते. जुन्या दिशेचा हिशेब नव्या दिशेला लावून काय फायदा?

मेंदू नसताना आठवण राहते कुठे, हेही आता माहीत आहे. रसायन ओळखणारे हजारो रेणू जिवाणूच्या एका टोकाशी दाटीने बसलेले असतात. हवेसे रसायन चिकटले नसेल, तर ते आत ‘चे-वाय’ नावाच्या एका प्रथिनाला फॉस्फेटचा बिल्ला लावायला लावतात. बिल्ला लावलेले चे-वाय मोटरपाशी जाऊन तिला उलटे फिरवते, म्हणजे गिरकी. रसायन चिकटले, की बिल्ले वाटणे थांबते आणि धाव लांबते. त्याच वेळी दुसरी प्रथिने त्या ओळखणाऱ्या रेणूंवर मिथिल नावाच्या लहान रासायनिक खुणा हळूहळू चढवत किंवा उतरवत असतात. त्यामुळे काही सेकंदांत रेणू नव्या प्रमाणाला सरावतो. अत्तराच्या दुकानात शिरताना वास जाणवतो, पण थोड्या वेळाने जाणवत नाही, तसेच हे. चिकटणे चटकन होते आणि सरावणे सावकाश होते. या दोन्हींमधल्या फरकातच जिवाणूची आठवण साठलेली आहे.

मुळाची हाक

हे सगळे काचेवरच्या थेंबात समजले. आता आपल्या शेताकडे वळू. पेरलेला दाणा ओल शोषून फुगतो, तेव्हा त्याच्यातून साखरा, अमिनो आम्ले आणि इतर रसायने आजूबाजूच्या ओलीत पाझरतात. कोंब फुटल्यावर कोवळे मूळही ती सोडत राहते. मुळाजवळ त्यांचे प्रमाण जास्त आणि लांब गेले की कमी. भजीचा वास तो हाच. रायझोबियम कुळातले जिवाणू या वासावर चालतात. मेथी आणि लसूण घास यांच्या मुळांवर राहणाऱ्या जिवाणूचा या बाबतीत बारकाईने अभ्यास झाला आहे. बियांतून पाझरणाऱ्या प्रोलिनसारख्या अमिनो आम्लांकडे तो ओढला जातो. गंमत अशी, की त्याची मोटर ई. कोलायसारखी उलटी फिरतच नाही. ती एकाच दिशेने फिरते. वळायचे असेल, तेव्हा वेग कमी-जास्त करून तो वळण घेतो. प्रत्येक कुळाची चाल निराळी, नियम मात्र तोच.

मुळापाशी पोहोचल्यावर दोघांची ओळख पटवली जाते. मूळ फ्लेवोनॉइड जातीची रसायने सोडते. ती ओळखून जिवाणू आपले एक रसायन तयार करतो. ते मिळताच मुळावरचा केसासारखा तंतू आकड्यासारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग तंतूच्या आत एक बारीक बोगदा तयार होतो, त्यातून जिवाणू मुळात शिरतात आणि तेथे गाठ वाढते. ही ओळख इतकी काटेकोर असते, की हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या उपयोगी पडत नाही. म्हणून पाकीट घेताना त्यावर कोणत्या पिकाचे नाव आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

आता अंतराचा विचार करा. एक मिलिमीटर अंतर जिवाणू सरळ पोहला, तर पाऊण मिनिटाच्या आत कापील. पण शेतातली माती म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, त्यातूनच त्याला वाट काढावी लागते. माती सुकत गेली, की हा थर तुटत जातो आणि पोहणे बंद पडते. मातीत जिवाणू स्वतःच्या बळावर काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर जाऊ शकतो. दोन तासांतल्या अंतराएवढेही नाही. म्हणूनच जिवाणू शेतभर फेकून न देता बियाण्याला चोळण्याची पद्धत पडली. जिथे मूळ फुटणार, तिथेच त्याला नेऊन सोडायचे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट हे प्रमाण धरले, तर प्रत्येक दाण्याच्या वाट्याला लाखाहून अधिक जिवाणू येतात.

आपल्या शेतकऱ्याचा वापसा हा शब्द येथे किती चपखल बसतो पाहा! वापशात मातीच्या पोकळ्यांत हवाही असते आणि कणांभोवती ओलही असते. जिवाणूला श्वासाला हवा मिळते आणि पोहायला पाणी. चिखल झाला तर हवा नाही, धूळ असली तर पाणी नाही. पाऊस लांबेल या भीतीने अनेकदा धूळपेरणी करावी लागते. बी कोरड्या मातीत आठ-दहा दिवस टिकून राहते, पण तापलेल्या मातीत त्याच्या अंगावरचे जिवाणू मात्र झपाट्याने मरतात. २०१२-१३ सारख्या दुष्काळी वर्षांत जालना जिल्ह्याने जे सोसले, त्यात पिकांबरोबर मातीतल्या या सोबत्यांचीही वाट लागली असणार, हे समजायला सूक्ष्मदर्शक नको.

गावठी आणि पाहुणे

येथे आणखी एक खरी गोष्ट सांगायला हवी. पाकिटातले जिवाणू शेतात उतरतात, तेव्हा शेत रिकामे नसते. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या हरभरा-तूर घेतली जाते, तेथे त्यांचे गावठी जिवाणू आधीपासून मुक्कामाला असतात. ते तेथल्या उन्हाला आणि कोरडेपणाला सरावलेले असतात. मुळावर गाठी करण्याची शर्यत गावठी आणि पाहुण्यांमध्ये लागते आणि गावठी पुष्कळदा जिंकतात. गावठी चांगला नत्र धरणारे असतील तर त्यात तक्रार नाही, पण काही आळशीही असतात. ते झाडाची साखर खातात आणि नत्र थोडाच देतात.

या शर्यतीत पोहण्याला मोल आहे. शास्त्रज्ञांनी मोटर बिघडलेले आणि दिशा न कळणारे रायझोबियम मुद्दाम तयार करून पाहिले. एकटे सोडले, तर तेही मुळावर गाठी करतात. पण धडधाकट जिवाणूंबरोबर सोडले, तर मागे पडतात. म्हणजे पोहता येणे हे गाठीचे कारण नसले, तरी आधी पोहोचणाऱ्याचा मान मोठा असतो.

सोयाबीनची गोष्ट थोडी वेगळी. ते आपल्याकडे गेल्या काही दशकांत पसरलेले पीक. त्याच्या जोडीचे जिवाणू आपल्या काळ्या मातीत आधीपासून भरपूर नव्हते. त्यामुळे नव्याने सोयाबीन घेणाऱ्या रानात पाकिटाचा फायदा जास्त दिसतो. एका शेतकऱ्याला गुण आला आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला आला नाही, याचा अर्थ पाकीट खोटे असाच होत नाही. कोणाच्या रानात आधी काय होते, यावरही ते ठरते.

आपल्या अंगातही

वास घेत चालण्याची ही कला फक्त मातीतल्या जिवाणूंची नाही. तलावाच्या हिरवट पाण्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम दिसू शकतो. नको असलेले रसायन लागले, की तो अंगावरचे केस उलटे मारून मागे सरकतो, थोडा वळतो आणि पुन्हा पुढे जातो. वाट मोकळी सापडेपर्यंत हेच चालते. जठरात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी आम्लापासून दूर पोहत जठराच्या अस्तराला बिलगतो. आणि आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवाणूंनी सोडलेल्या रसायनांचा माग काढत जखमेकडे सरपटत जातात. बोटात काटा मोडला आणि ते पिकले, तर तेथे जमलेला पू म्हणजे बऱ्याच अंशी असा माग काढत आलेल्या पेशीच. जिवाणू ज्या तऱ्हेने अन्न शोधतो, त्याच तऱ्हेने आपल्या पेशी त्या जिवाणूला शोधतात.

पाकिटाचे भान

आता पुन्हा त्या पोत्यावरच्या पाकिटाकडे येऊ. वर सांगितलेले शास्त्र कळले, की पाकीट कसे वापरावे याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपसूक सुचतात.

जिवाणू जिवंत आहेत, म्हणून पाकीट सावलीत आणि थंड जागी ठेवायचे. त्यावरची मुदत दुधाच्या पिशवीवरची पाहतो तशी पाहायची. बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावायचे असेल, तर ते आधी लावायचे आणि जिवाणू सर्वांत शेवटी, कारण विषात घोळलेला जीव पोहणार कसा? गुळाचे पाणी करून थंड होऊ द्यायचे, त्यात भुकटी कालवायची आणि बियाण्याला हलक्या हाताने चोळायची. सोयाबीनचे टरफल तर फारच नाजूक, जोर लावला की उगवण गेली. मग बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे, आणि पेरायचे ते वापशावर. जिवाणू लावलेले बी रासायनिक खतात मिसळून पेरू नये, खत वेगळे द्यावे. तसेच शेंगवर्गीय पिकाला युरियाची खैरात करू नये. झाडाला आयता नत्र मिळाला, की ते गाठींना साखर देणे आवरते घेते आणि गाठी कमी धरतात. मग पाकीटही वाया आणि युरियाचे पैसेही जास्तीचे.

गुण आला की नाही हे पाहायलाही प्रयोगशाळा नको. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने दोन-चार झाडे उपटू नका, कुदळीने मातीसकट उकरून काढा. उपटले, तर गाठी मातीतच राहून जातात. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवा. गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर समजा काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा, गाठीत प्राणवायूचे प्रमाण बेताचे राखणाऱ्या द्रव्याचा असतो. आत पांढरी किंवा हिरवट दिसली, तर त्या गाठीचा पिकाला फारसा उपयोग नाही. आणि एक खबरदारी घ्या. सूत्रकृमींमुळेही मुळांवर गाठी येतात, पण ती मुळाचीच सूज असते, बोटाने सुटत नाही. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला असते आणि सहज सुटते.

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन शेतावर जाणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे. शेत नसेल, तर गॅलरीतल्या कुंडीत शेतातली माती भरून मूठभर मेथी टाकावी. भाजीसाठी खुडण्याऐवजी चार रोपे महिना-दीड महिना वाढू द्यावीत आणि मग मुळे धुऊन पाहावीत. मुळांवर मोहरीएवढे गुलाबी मणी सापडले, तर मुलांना सांगता येईल, की यातला प्रत्येक मणी एखाद्या अशा जिवाने उभा केला आहे, ज्याला मूळ कोणत्या दिशेला आहे हे कधीच ठाऊक नव्हते. मघापेक्षा आत्ता बरे आहे की नाही, एवढेच त्याला कळत होते.

आणि रब्बीला हरभऱ्याचे बियाणे आणायला जाल, तेव्हा ते लहान पाकीट पोत्यावर ठेवू नका. पिशवीत, पाण्याच्या थंड बाटलीशेजारी ठेवा. आतल्या साडेबाराशे कोटी पोहणाऱ्यांना अजून बरेच अंतर कापायचे असते.